अक्षर कुठे तोडावं

देवगडला आंब्याची पेटी भरून झाली की तिच्यावर नाव छापतात. पत्र्याच्या तुकड्यात अक्षरं कापून काढलेली असतात. तो पत्रा लाकडी फळीवर दाबून धरायचा आणि रंगात बुडवलेला कापडाचा बोळा वरून आपटत न्यायचा. बागायतदाराचं नाव, गावाचं नाव, कधी वाशीच्या आडत्याचं. वाशीच्या गाळ्यात थप्प्या लागल्या की आपली पेटी लांबून ओळखता यावी, एवढंच या अक्षरांकडून अपेक्षित असतं. पुस्तकांची मुखपृष्ठं आणि शीर्षकं करणं हा माझा व्यवसाय. हंगामात ही छपाई पाहायला मी मुद्दाम जाते, कारण देवनागरी कशी तोडायची हे मला या पत्र्यांइतकं कुठेच नीट कळलेलं नाही.

'हापूस' हा शब्द घ्या. 'प'ची वाटी, उजवा दंड आणि वरची शिरोरेषा मिळून एक बंद पोकळी तयार होते. अक्षर कापलं की ही पोकळी पत्र्यातून गळून पडणार. तिला धरून ठेवायला पत्र्याची बारीक पट्टी मध्ये सोडावी लागते आणि छापलेल्या अक्षरात तिथे फट दिसते. 'स'चंही तसंच. कापणारे बहुधा शिरोरेषाच डोक्यावर तोडतात, आणि दोन्ही अक्षरं सुटतात. 'देवगड'मधल्या 'व'ला मात्र हा उपाय लागू नाही. त्याचं पोट रेघेच्या खाली, स्वतःतच बंद असतं. ते फोडावंच लागतं. खाली, वाटी दंडाला परत मिळते तिथे फोडलं तर 'व'चा 'त' होतो आणि गावाचं नाव बदलतं. डावीकडे, वाटीच्या मध्यावर फोडलं तर अक्षर शाबूत राहतं. ज्यांनी हे पत्रे कापले त्यांनी हा निर्णय हातात पत्रा घेऊनच केला असणार.

छापणाऱ्या काकांना मी विचारलं, रंग इतका घट्ट का ठेवता? ते म्हणाले, "पातळ झालो काय फळयेच्या रेशांतसून पसरता. मगे नाव खंयचा नि गाव खंयचा!" म्हणून अक्षरं जाड, फटी रुंद आणि कोपरे बोथट. नाजूक काही या लाकडावर टिकणारच नाही.

अशी अक्षरं हल्ली टी-शर्टांवर आणि कॅफेच्या मेनूकार्डांवर दिसतात. फटी असतात, पण कुठेही असतात. जिथे पोकळी नाही तिथेही रेघ तुटलेली, आणि 'व' मात्र अखंड. पत्र्यात कापायला गेलं तर तो साचा हातात तुकडे होऊन येईल. मला हे खटकतं. वस्तूचा आकार उचलला आणि तो आकार ज्यामुळे घडला ते मागे ठेवलं, तर हाती फक्त नक्षी येते. म्हणून प्रवासात काढलेल्या प्रत्येक फोटोखाली मी वस्तू कशाने केली, कशावर केली आणि उजेड कुठून येत होता हे लिहून ठेवते.

उजेडाचा धडा मला मुंबईच्या ओव्हल मैदानाने दिला. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, एकोणिसाव्या शतकातलं दगडी गॉथिक बांधकाम. पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. 2018 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दोन्ही बाजू एकत्रच गेल्या. गजानन म्हात्रे या मराठी वास्तुविशारदाचं एम्प्रेस कोर्ट इथलंच, आणि मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महालही त्यांचाच. काँक्रीट हाती आल्यामुळे कोपरे गोल वळवता आले, खिडक्यांवर लांबलचक छज्जे काढता आले. अनेक इमारतींची नावं भिंतीतूनच उठावात काढलेली आहेत, बहुतेक भिंतीच्याच रंगाची. ती वाचता येतात ती निव्वळ सावलीमुळे. ओव्हलच्या इमारती पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून तिथे सकाळी जायचं. मरीन ड्राइव्हच्या समुद्राकडे पाहतात, तिथे ऊन उतरताना. भर दुपारी शिरोरेषेसारखी आडवी कड तेवढी खाली सावली टाकते, उभ्या दंडांना काही मिळत नाही. कलत्या उन्हात उभे दंड जागे होतात.

या नावांच्या अक्षरांतली गंमत मराठीत आणायची कशी? तिथली रोमन अक्षरं कंबर वर-खाली करतात. 'ए' किंवा 'ई'ची मधली आडवी रेघ पार वर नेतात, नाहीतर पार खाली उतरवतात, आणि त्या काळाचा तोरा सगळा त्यात असतो. आपल्याकडे पुष्कळजण शिरोरेषेच्या तीन समांतर रेघा करून 'आर्ट डेको' झालं म्हणतात. मला ते वरवरचं वाटतं. देवनागरीलाही कंबर आहे. 'म', 'स', 'भ' या अक्षरांत डावा भाग दंडाला जिथे आडवा जोडला जातो, ती जागा. ती खाली उतरवून पाहा. अक्षर एकदम उंच आणि ऐटबाज दिसायला लागतं, आणि वाचणाऱ्याला अडखळायलाही होत नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटींवरच्या एका पुस्तकाला मी सावलीचा हाच धडा लावला. शीर्षक शाई न वापरता, फक्त एम्बॉसिंगने उठवायचं ठरवलं. डाय करणारे गृहस्थ अनुभवी होते. त्यांनी आधीच सांगितलं, "मॅडम, वेलांटी आणि शिरोरेषा इतक्या जवळ ठेवल्यात तर मधला कागद खाली बसणार नाही, दोन्ही मिळून एकच उंचवटा दिसेल." म्हणून वेलांटी उंच नेली, अनुस्वार मोठा केला. पुस्तकाच्या दुकानात उजेड बहुधा वरून येतो, म्हणजे तिथे कायमची दुपार. शिरोरेषेची सावली सगळ्यांत गडद पडणार आणि बाकी अक्षर तिच्याखाली दबणार. तेव्हा शिरोरेषा बारीक केली, तिची कड उतरती ठेवली, आणि उभ्या दंडांच्या कडा तीव्र केल्या.

एकटी वस्तू फारसं बोलत नाही, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात समजतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दाराच्या चौकटी जमवल्या आणि हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हाती सोपवला. एक अडकित्ता पाहिला तर तो छान आहे एवढंच म्हणतो आपण. ओळीने पाहिले की दिसतं, पातं आणि बिजागरी यांच्याशी कारागीर खेळत नाही. सुपारी कातरायला जेवढं लागतं तेवढं जवळपास तसंच राहतं. मोर, घोडे, माणसं जे काही येतं ते दांड्यात आणि टोकांत. शीर्षक करतानाही नेमकं हेच ठरवायचं असतं: अक्षराचा कुठला भाग पात्यासारखा आहे आणि कुठला दांड्यासारखा. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं एकत्र पाहिली, तर प्रत्येक नाटकाला वेगळा चेहरा देतानाही शब्द वाचनीय ठेवण्याची ही जाण दिसते.

घरात माझा संग्रह साधा आहे. काडेपेट्यांची लेबलं, मिठाईच्या खोक्यांची झाकणं, बेस्टची जुनी तिकिटं. काडेपेटीच्या लेबलावरचा वाघ किंवा किल्ली जाड काळ्या रेघेने वेढलेली असते. स्वस्त छपाईत रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत, थोडे सरकतात, आणि तो सरकलेला रंग जाड रेघ पोटात घेते. ही सोय आहे, आणि तीच शैली झाली. तिकिटांचे रंग भाड्याप्रमाणे वेगवेगळे, कारण हलत्या बसमध्ये कंडक्टरच्या बोटांना आकडा वाचायला सवड नसे.

सध्या मी दादर-माटुंग्याच्या गल्ल्या धुंडाळते आहे. आर्ट डेकोच्याच काळातल्या तिथल्या काही इमारतींवर नावं देवनागरीत आहेत, सिमेंटमध्ये घडवलेली, फाटकाच्या लोखंडात वाकवलेली. सळई वाकवून केलेल्या अक्षरात जाड-बारीक भेद राहूच शकत नाही. सगळा तोल वळणांवर येतो. 'ळ' आणि 'श्री' तिथे फार सुरेख होतात. पण पुनर्विकासाला इमारत गेली की फाटक भंगारात जातं आणि नाव नव्या टॉवरवर तयार फाँटात येतं. तुमच्या सोसायटीचं असं फाटक असेल तर फोटो समोरून काढा. शेजारी फूटपट्टी धरा, सळईची जाडी मोजा, जोड वेल्डिंगचा आहे की रिव्हेटचा ते पाहून ठेवा. सळईची जाडी आणि वळणाचा घेर माहीत असेल, तर ते अक्षर पुन्हा घडवता येतं.