सेन्सॉरच्या मेजावरचे कुशल

पहिल्या महायुद्धात, १९१४च्या सप्टेंबरअखेरीस, हिंदी पलटणी मार्सेयच्या धक्क्यावर उतरल्या, 'आय. ई. एफ.' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) ही अक्षरे छापलेली हिंदुस्थानी तिकिटे लष्करी टपालात रूढ झाली, आणि लवकरच हिंदी शिपायांचा पत्रव्यवहार तपासणारे एक दफ्तर फ्रान्सात उघडून ते पुढे बूलोन्य बंदरी स्थिरावले. त्याचा कारभार कॅप्टन इव्हलिन हॉवेल या, सरहद्दीच्या राजकारणात मुरलेल्या अधिकाऱ्याकडे होता. राजद्रोही वाङ्मय शिपायांच्या हाती पडू नये, हा सरकारचा मूळ हेतू. परंतु उघडलेल्या पाकिटांतून बाहेर पडले ते बहुतांशी शेताचे तंटे, सोयरिकींच्या वाटाघाटी, घरच्यांची आजारपणे आणि पगाराच्या पैशांची विचारपूस.

महाराष्ट्रातली माणसे या मुलखात तुलनेने थोडी होती, तरी होती. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स-मायनर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेलच्या चढाईत उतरून अतोनात हानी सोसून परतल्या. अशा शिपायाला घरी पत्र धाडायचे म्हणजे काय काय करावे लागे, हे ध्यानी घेतले पाहिजे. बहुतेकांना अक्षरओळख नाही, म्हणून मजकूर सांगायचा तो पलटणीतल्या एखाद्या लिहित्या गड्याला. तो कागद आधी पलटणीच्या साहेबाच्या नजरेखालून आणि मग बूलोन्यच्या मेजावरून जावयाचा. आणि गावी पोहोचल्यावर तो वाचून दाखवावयाचा कुलकर्ण्याने किंवा शाळामास्तराने, कारण १९११च्या खानेसुमारीप्रमाणे देशात साक्षर स्त्रिया शंभरात एकीच्या आसपास होत्या. ज्या पत्राला इतके धनी, त्यात नवराबायकोचे गुज कसे मावावे? त्यातून आपली रीत अशी, की पत्र तीर्थरूपांच्या नावे, आरंभी साष्टांग नमस्कार, मग 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे', आणि कारभारणीची चौकशी झालीच तर 'घरच्या मंडळीं'च्या आडून. या ठरीव मायन्याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तर वाटते, परक्यांच्या देखत आपल्या माणसाशी बोलण्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय त्यात मुरलेली होती, म्हणूनच सेन्सॉरपुढे तो डगमगला नाही. 'मजकूर ठीक आहे' या तीन शब्दांत किती दडवले आहे, हे ऐकणारीला कळत असे.

काही शिपाई याहून धीट निघाले. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरात आहे, अशा आशयाचे एक पत्र तपासनिसांच्या हाती लागले. मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि मिरची म्हणजे गोरा, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. हॉवेलसाहेबाने तर असे टिपून ठेवले, की पत्रांत काव्य वाढू लागले, हे मनाच्या अस्वास्थ्याचे लक्षण होय. साहेब रसिक नसेल, पण चाणाक्ष खास.

आपल्या मुलखाचा खरा संबंध मात्र फ्रान्सशी नव्हे, मेसोपोटेमियाशी. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुण्याच्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि डिसेंबर १९१५पासून तुर्कांनी त्यांना तिथल्या कूत गावात वेढा घातल्यावर टपालाची वाट बंद होऊन बिनतारी यंत्र तेवढे बोलके राहिले. धान्य आटले, घोडी कापली जाऊ लागली. पुष्कळ हिंदी शिपाई ते मांस शिवेनात, तेव्हा टाउनशेंडने हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा तारेने मागविली आणि ती आलीही. अकरा रुपये दरमहाचा शिपाई घरच्या खुशालीसाठी तळमळत असता मुलखातून त्याच्यापर्यंत पोहोचला तो हा निर्णय! २९ एप्रिल १९१६ला कूत पडले, सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली, आणि पुष्कळांना वाळवंटातून रास-अल-ऐनपर्यंत नेऊन बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले.

फ्रान्सच्या पत्रांचे जे उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचावयास मिळतात, ते तपासनिसांनी केलेल्या इंग्रजी तर्जुम्यांत. अस्सल कागद बहुधा ज्याच्या त्याच्या घरी रवाना झाले. घरच्यांनी जे जपले नाही, ते पाळत ठेवणाऱ्यांनी जपले, ही विसंगती खरी. पण घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण वाचून दाखवलेल्या कागदाचे काम तिथेच संपत होते. तिकिटांचे शौकीन मात्र त्या 'आय. ई. एफ.' शिक्क्यांची पाकिटे आजही चढ्या भावाने घेतात, आत पत्र आहे की नाही हे न पाहता.