मूळ गाव कोणते?

"तुमचे मूळ गाव कोणते?" हा प्रश्न आपल्या घरांत दोन प्रकारे येतो. सोयरीक जुळवताना एखाद्या बुजुर्गाने तो विचारला, तर त्यात आपुलकी असते. कुणाची मामी कुठली, कुणाचे आजोबा कुणाचे चुलत भाऊ, अशी ओळख निघते आणि चहा पुन्हा एकदा येतो. तोच प्रश्न रेल्वेच्या डब्यात आपले नाव ऐकल्यानंतर येतो, तेव्हा त्याचा सूर बदललेला असतो. "भंडारा" म्हटले की समोरचा म्हणतो, "ते ठीक आहे, पण मूळचे?"

मोठी माणसे हसून विषय बदलतात. मुलांना ते जमत नाही. ती हा प्रश्न शाळेत घेऊन येतात. आठवी-नववीतले एखादे पोर हळूच विचारते, "सर, आपण बाहेरून आलो का?" त्याला उत्तर देणे हे शिक्षकाचे आणि आईवडिलांचे, दोघांचेही काम आहे. उत्तर खरे असावे आणि ते ऐकून पोराची मान ताठ व्हावी.

आधी आपला जिल्हाच पाहू. गोंड समाज इथला फार जुना. भाताला पाणी देणारे तलाव ज्यांच्या हातचे, त्या कोहळी समाजाचे पूर्वज बनारसकडून आले असे त्यांच्यात सांगतात. पोवार समाज आपले मूळ माळव्यातील धार नगरीशी जोडतो आणि आजही घरात पोवारी बोलतो. मोहाडी, आंधळगावकडचे कोष्टी कोशाचे कापड विणतात. शेजारच्या कामठीत १८२१ मध्ये छावणी उभी राहिली. पुढे उत्तरेकडील मोमीन विणकर तिथे आणि नागपुरात स्थिरावले. त्यांच्या लेकी आणि नातवंडे आज आपल्या तालुक्यांतूनही आहेत.

ही यादी इथे संपत नाही. अर्जुनी मोरगाव तालुका १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्ह्यात गेला, त्याआधी तो आपल्याच जिल्ह्यात होता. त्या तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. तिथेच गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग ही वसाहत उभी राहिली. बर्फाच्या मुलखातली ही माणसे विदर्भाच्या उन्हात भातशेती शिकली. थंडीच्या दिवसांत शहरोशहरी ज्या तिबेट्यांकडून आपण मुलांसाठी स्वेटर घेतो, त्यांच्यापैकी कुणी या वसाहतीतलेही असू शकते. त्यांच्या घरात तिबेटी चालते आणि बाजारात हिंदी-मराठी. आपल्या घरातही उंबरठ्याच्या आत एक आणि बाहेर दुसरी भाषा असतेच की.

आता जागची न हललेली माणसे घ्या. भंडाऱ्यात १९३० च्या सुमारास जन्मलेला माणूस मध्य प्रांत व वऱ्हाडात जन्मला. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशचा रहिवासी झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. घर तेच, विहीर तीच, कब्रस्तान तेच, आणि राज्य मात्र चार. म्हणून मी मुलांना सांगतो, नकाशावरच्या रेषाही प्रवास करतात.

थोडे लांब जाऊ. मक्केत छळ वाढला, तेव्हा पहिल्या मुसलमानांपैकी काहींनी हबशाची, म्हणजे आजच्या इथिओपियाकडची वाट धरली. तिथला ख्रिस्ती राजा नज्जाशी याने त्यांना आश्रय दिला. ही गोष्ट आपण मुलांना लहानपणीच सांगतो. तिचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. त्याच हबशात १५४८ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचला. तो मलिक अंबर. पुढे तो निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी शहर वसवले, तेच नंतर औरंगाबाद झाले. शहराला पाणी पुरवणारी नहर त्याने बांधली आणि जमीन महसुलाची घडी बसवली. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. तो जन्मला आफ्रिकेत. पण ज्या मातीला त्याने पाणी दिले आणि ज्या मातीत तो झोपला, ती माती त्याची नाही असे कोण म्हणेल?

आपल्याकडूनही माणसे गेली. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथे शाळेत मराठी शिकतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची जुनी कागदपत्रे जपली आहेत आणि पणजोबांचे गाव शोधायला लोक तिथे जातात. रत्नागिरी आणि जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला गेले. तिथेही त्यांनी एकमेकांना ओळखले ते आपापल्या गावांवरूनच. त्यांच्या मुलांनाही कुणीतरी विचारले असेलच, "तुम्ही मूळचे कुठले?"

गोठणगावचा तिबेटी, मॉरिशसचा मराठी, केपटाऊनचा कोकणी आणि कामठीचा मोमीन यांचे देश वेगळे, धर्म वेगळे. तरी चौघांच्या घरात बरेच सारखे सापडते. आजीच्या हातचा एखादा पदार्थ. रागावल्यावर तोंडून निघणारा जुन्या बोलीतला शब्द. बाळाला दिलेले पणजोबांचे नाव. लग्नात न चुकता होणारा एखादा रिवाज. आणि आपली माणसे जिथे पुरली किंवा जाळली, त्या जागेविषयीची ओढ. सूरह हुजुरातमध्ये कौमी आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून केल्याचे सांगितले आहे. मोठेपणा वंशाने ठरत नाही, हेही तिथेच आहे.

एक गोष्ट आपण विसरतो. प्रत्येक घरात हिजरत केलेले एक माणूस असतेच, ते म्हणजे घरातली सून. बालाघाटची मुलगी तुमसरला येते, राजनांदगावची साकोलीला. ती आपली बोली, आपली आमटी, आपल्या अंगाईसकट येते आणि दहा वर्षांत तेच त्या घराचे "मूळ" होऊन बसते. पण शजऱ्यात नावे फक्त पुरुषांची. आईची आई कुठली, हे विचारले तर निम्म्या घरांत उत्तर मिळत नाही. अर्धी मुळे आपणच हरवली आहेत.

हा विषय फक्त भावनेचा नाही. मोमीन, बागवान, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. बारावीचा निकाल लागला की मुलाचे वडील जुन्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरसमोर येऊन उभे राहतात. कुठे पान फाटलेले असते, कुठे जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. आजोबांनी सांगितलेले काही लिहून ठेवलेले नसते आणि आजोबा आता राहिलेले नसतात. प्रवेशाची मुदत मात्र थांबत नाही.

म्हणून एक विनंती. येत्या सुटीत मुलांच्या हाती वही द्या आणि त्यांना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसवा. नाव, गाव, धंदा, कोणत्या शाळेत गेले, कुठे दफन झाले, एवढे लिहून घ्या. दादीचे माहेर आणि नानीचे माहेर आठवणीने लिहा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल आताच काढा. जन्म-मृत्यूची जुनी कोतवाल पंजी तहसिलीत मिळते का, तेही पाहा. कागदावरचे आडनाव आणि घरातले आडनाव वेगळे असेल, तर ते का वेगळे आहे हेही बुजुर्गांकडून विचारून लिहा.

ही वही पूर्ण झाली की पोराला रेल्वेतल्या प्रश्नाची भीती राहणार नाही. "पणजोबा अमुक गावाहून आले, पणजी अमुक गावची, आणि आमच्या तीन पिढ्या इथल्या मातीत आहेत," असे ते सरळ सांगेल. वर समोरच्यालाही विचारेल, "आणि काका, तुमचे मूळ गाव कोणते?"