बांधावरून पाहिलेले सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर प्रकल्प फसला की खापर सर्व्हरवर फुटते, नाहीतर वापरणाऱ्याच्या अडाणीपणावर. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात, किंवा वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीच्या कुठल्याही गावात ई-पीक पाहणीचा विचार केला, तर हे दोन्ही खुलासे तोकडे पडतात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या या अ‍ॅपने तलाठ्याचे काम खातेदाराच्या हाती दिले. शेतात जायचे, गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, फोटो काढायचा, की नोंद सातबाऱ्यावर. कल्पना उत्तमच होती. पण वर्षानुवर्षे तोच नमुना भरून तलाठ्याचा हात बसलेला असे. शेतकरी हे पडदे हंगामातून एकदा पाहतो, म्हणून दर हंगामात तो नवखाच. ‘लोक शिकतील हळूहळू’ हा कार्यालयांचा लाडका युक्तिवाद इथेच कोसळतो. सरावाला वावच नसेल, तर शिकण्याचे ओझे अ‍ॅपने उचलायला हवे, आणि ते कसे उचलायचे हे कोड लिहिण्याआधी ठरवायला हवे.

2022 च्या सुधारित आवृत्तीत काय आले ते पाहावे. नोंद 48 तासांत दुरुस्त करता येऊ लागली, मुख्य पिकासोबत तीनपर्यंत दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली आणि फोटो गटापासून दूर काढला जात असेल तर अ‍ॅप तसे सांगू लागले. यातली एकही सुधारणा नव्या तंत्रज्ञानाच्या शोधासाठी अडून राहिलेली नव्हती. माणूस चुकतो, विदर्भात कपाशीत तुरीच्या ओळी असतात, आणि उन्हात उभ्या माणसाला आपण नेमके कुठल्या गटात आहोत हे मोबाइलवर चटकन उमगत नाही, एवढेच त्यामागचे ज्ञान. आधी निवडक भागांत प्रयोग झाले होते हे खरे. पण योजना चालते का, हे पाहणे वेगळे आणि माणूस कुठल्या पडद्यावर थबकतो, हे शेजारी उभे राहून पाहणे वेगळे. आयआयटी मुंबईतील अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी उद्योगांतले प्रकल्प तपासून दाखवले आहे, की वापरणाऱ्याचा अभ्यास विकासप्रक्रियेत जितका मुरतो, तितकी वापरसुलभतेची उद्दिष्टे अधिक साधतात.

‘एवढा वेळ आणि पैसा कुठून आणायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. पण वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांच्या हिशेबाप्रमाणे पाच जणांच्या चाचणीतूनही सुमारे 85 टक्के अडचणी उघड होतात. उरलेल्यांसाठी दुसरी छोटी फेरी घ्यावी. नेटवर्क मिळत नाही, त्याला रचनाकार काय करणार? टॉवर त्याच्या हातात नाही, पण भरलेली माहिती मोबाइलमध्ये टिकवून रेंज आल्यावर पाठवणे आहे. गावातला सहायक नोंद करून देतो म्हणावे, तर मग तोही वापरकर्ताच, आणि त्याला एकामागून एक अनेक खाती हाताळायची असतात. 2025 मध्ये हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आली, तिथेही कपाशीचा पेरा दाखवावा लागतो. पहिल्या अ‍ॅपमधली चूक अशी दुसऱ्या अ‍ॅपच्या दारात शेतकऱ्याला अडवते. म्हणून निविदेत पडद्यांची संख्या मोजण्याऐवजी, किती खातेदारांनी कुणाच्याही मदतीशिवाय नोंद पुरी केली यावर देयकाचा एक हप्ता बांधावा.