बाटली एक, गुंगी निराळी

२०२२ साली मुंबई-आग्रा महामार्गावर भिवंडीजवळ अमली पदार्थ नियंत्रण विभागाने (एनसीबी) एक बोलेरो पिकअप अडवला. आत खोकल्याच्या सिरपच्या ८,६४० बाटल्या निघाल्या. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या या शहराला मालाच्या गाड्यांचं नवल नाही; पण या सिरपमध्ये अफूच्या कुळातलं कोडीन होतं. अशा सिरपच्या ५ मिलीत साधारण १० मिलिग्रॅम कोडीन असतं. शंभर मिलीची बाटली एका दमात रिचवणाऱ्याच्या पोटात २०० मिलिग्रॅम गेलंच म्हणायचं.

त्यातलं मेंदूला किती भिडेल, हे मात्र ज्याच्या-त्याच्या शरीरावर.

अफूच्या कुळातली औषधं मेंदूत नेमकी कुठे, म्हणजे कोणत्या रिसेप्टरला, चिकटतात, ते १९७३ मध्ये बाल्टिमोरला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं. दोनच वर्षांत स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच बनवत असलेलं तसलं द्रव्य, एन्केफॅलिन, शोधून काढलं. १९९३ मध्ये मॉर्फिनच्या ‘म्यू’ रिसेप्टरचं जनुक हाती लागलं आणि गुंता सुटायचा सोडून वाढलाच. एकाच जनुकातून या रिसेप्टरची अनेक रूपं घडतात, हे न्यूयॉर्कच्या गॅव्हरिल पास्टरनाक यांच्या गटाने दाखवलं. १९९९ च्या एका प्रयोगात तर या जनुकाचा पहिला तुकडा काढलेल्या उंदरांवर मॉर्फिन निकामी ठरलं, हेरॉइनने मात्र त्यांची वेदना शमली!

याच जनुकातला एका अक्षराचा बदल युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतो. अशांना शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन थोडं जास्त लागतं, असं काही अभ्यास म्हणतात. काहींना फरक दिसलाच नाही. तेव्हा जनुक बघून व्यसनी माणूस ओळखण्याच्या बाता कोणी मारल्या, तर त्या कानाआड कराव्यात.

कोडीनची तऱ्हाच वेगळी. ते स्वतः रिसेप्टरला जेमतेम चिकटतं. यकृत त्याच्या थोड्या अंशाचं मॉर्फिन करतं, तेव्हा खरा असर. हे काम करणारं एन्झाइम काहींत जवळजवळ बंद असतं, काहींत भलतंच जलद. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुलं दगावली, तेव्हा २०१३ मध्ये अमेरिकेने कडक इशारा काढला.

आपल्याकडे मार्च २०१६ मध्ये सिरपमधल्या कोडीनच्या मिश्रणांवर बंदी आली, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवली आणि जून २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन-कोडीन सिरपवर पुन्हा बंदी बसली. तोवर बाजार पुढे सरकला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालघरच्या एका औषध कंपनीवर कारवाई झाली, ती पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या टॅपेन्टाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्यांवरून. तेही याच म्यू रिसेप्टरवर काम करतं.