रेडिओतली खरखर
मी रेडिओ दुरुस्त करतो. जवळ मिक्सर सुरू झाला की ट्रान्झिस्टर खरखरतो आणि गिऱ्हाईक वैतागतं. १९७५ साली कॅलिफोर्नियात स्टीव्ह डॉम्पिअर या हौशी माणसाने त्याच खरखरीतून गाणं काढलं. मला ते फार मोठं काम वाटतं.

त्याच्याकडे अल्टेअर ८८०० हा संगणक होता. सुटे भाग टपालाने मागवायचे, सोल्डर करून स्वतःच जोडायचे. ना पडदा, ना कीबोर्ड; मूळ संचात मेमरी अवघी २५६ बाइट. प्रोग्रॅम भरायचा तो पुढचे खटके एकेक करून वर-खाली करत. हे मशीन चालू असताना शेजारच्या रेडिओत आवाज येतो, हे डॉम्पिअरने हेरलं. प्रोग्रॅममधली आवर्तनं लांबवली-आखडली की सूर बदलायचा! होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत त्याने असंच बीटल्सचं 'द फूल ऑन द हिल' वाजवून दाखवलं. तयारी चालली असताना कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून खटके मारले.

त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर खुशाल विचारू दे. अशीच हौस असणाऱ्यांच्या त्याच क्लबात स्टीव्ह वॉझनिअॅक यायचा. ॲपल-१ या आपल्या संगणकाचे आराखडे त्याने याच मंडळींना फुकट वाटले होते.