रात्रीचा रिपोर्ट, सकाळची दुरुस्ती

रुग्णालयांत पॅक्स, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन साठवून दाखवणारी संगणकयंत्रणा, आली. फिल्म गेल्या, प्रतिमा पडद्यावर आल्या. त्या सोयीत एक गोष्ट मात्र सुटली. पूर्वी रेसिडेंट, म्हणजे रेडिओलॉजी शिकणारा डॉक्टर, आणि त्याचे वरिष्ठ फिल्म पाहण्याच्या एकाच व्ह्यूबॉक्ससमोर उभे राहत आणि चूक तिथल्या तिथे दाखवली जाई. आता दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वेळी तोच स्कॅन पाहतात.

अमेरिकेतल्या अनेक शिक्षण-रुग्णालयांत रात्री कॉलवरचा रेसिडेंट प्राथमिक रिपोर्ट देतो आणि अटेंडिंग, म्हणजे जबाबदार वरिष्ठ डॉक्टर, सकाळी तो अंतिम करतात. समजा, पहाटे दोनला पोटदुखीच्या रुग्णाचा सीटी झाला आणि रेसिडेंटने ‘अपेंडिक्स नॉर्मल’ लिहिलं. सकाळी अटेंडिंगना सूज दिसली. त्यांनी रिपोर्ट सुधारला, सर्जनला फोन केला, रुग्णावर उपचार सुरू झाले. ड्युटी संपवून झोपायला गेलेल्या रेसिडेंटला मात्र याचा पत्ताच नाही! पुढच्या कॉलला तो तीच नजर घेऊन बसणार.

हे अंतर सॉफ्टवेअर भरून काढू शकतं. एकाच तपासणीचे दोन्ही रिपोर्ट ते शेजारी ठेवतं आणि काढलेले व घातलेले शब्द रंगाने दाखवतं. मजकुराची अशी तुलना प्रोग्रॅमर १९७० च्या दशकापासून, युनिक्सवरच्या ‘डिफ’पासून, करत आले आहेत. खरी अडचण पुढेच आहे. एखादे अटेंडिंग केवळ भाषेसाठी अख्खा परिच्छेद बदलतात, तर कुठे एकच ‘नाही’ गळतो आणि निदान उलटतं. रंगांवरून यातला फरक कळत नाही. म्हणून बदल किरकोळ की गंभीर, हे अटेंडिंगनी एका क्लिकमध्ये नोंदवावं, अशी सोय हवी.

आणि त्या नोंदीवरून थेट प्रतिमा उघडली पाहिजे. माझ्या मते शिक्षण तिथेच होतं. खूण नजरेतून सुटली, की दिसूनही दुर्लक्षिली? की एक फ्रॅक्चर सापडल्यावर पुढचा शोधच थांबला? या तिसऱ्या सापळ्याकडे रेडिओलॉजिस्ट विल्यम टडनहॅम यांनी १९६० च्या दशकातच लक्ष वेधलं होतं. यातलं नेमकं काय झालं, हे स्कॅन पुन्हा पाहूनच रेसिडेंटला उमगतं.

या नोंदींवरून रेसिडेंटना गुण किंवा क्रमांक देऊ नयेत. रेडिओलॉजिस्ट एल. एच. गार्लंड यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की छातीचे एक्स-रे वाचताना अनुभवी डॉक्टरांकडूनही बऱ्याच खुणा सुटतात. शिक्षेची भीती आली की अटेंडिंग दयेपोटी क्लिक टाळतील आणि रेसिडेंट प्रत्येक रिपोर्टात ‘शक्यता नाकारता येत नाही’ लिहून मोकळे होतील.

आपल्याकडे रेडिओडायग्नोसिसचं एमडी तीन वर्षांचं आहे आणि रात्रीचे प्रोव्हिजनल रिपोर्ट इथेही रेसिडेंटच लिहितात. विभागप्रमुखांना कळकळीची विनंती: महागड्या सॉफ्टवेअरची वाट पाहू नका. अंतिम रिपोर्ट साठवताना तुमची यंत्रणा रेसिडेंटचा मूळ मसुदा पुसून टाकते का, एवढं आजच तपासा. पुसत असेल, तर तो जपून ठेवायला सांगा.