जर्मनीत खोलीसाठीही 'मुलाखत'! काय असते 'वेगे'?
जर्मनीत शिकायला जाताय? विद्यापीठापेक्षा कधीकधी अवघड प्रवेश असतो तो 'वेगे'चा, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घराचा. खोली देण्याआधी तिथे राहणारेच तुम्हाला स्वयंपाकघरात बसवून विचारतात : काय शिकता? भांडी लगेच घासता का? थोडक्यात कांदेपोहेच, फक्त कॉफीवर. नकार बरेच येतात. मात्र खोली न दाखवताच कुणी डिपॉझिट मागितलं, तर पैसे पाठवू नका. कायद्याने ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. एकदा जमलं, की साफसफाईच्या पाळ्या ठरतात. रविवारी दुकानं बंद आणि तुमचे तांदूळ संपलेले, तेव्हा शेजारच्या खोलीतला पास्ता दोघांत होतो. पुढच्या रविवारी वरणभात तुमच्याकडून. फोडणीआधी खिडकी तेवढी उघडा. स्मोक अलार्म वाजला, तर अख्ख्या इमारतीशी ओळख होईल.